कच्च्या पायाची स्पर्धा

हैदराबादेत एके काळी फुटबॉलच्या अशा स्पर्धा भरत, की ज्यांत चांगल्या पायाला मज्जाव होता. ज्याचा उजवा पाय तयार त्याने डाव्याने खेळायचं, डावऱ्याने उजव्याने. फुटबॉल थोडाबहुत खेळलेल्या कुणालाही त्या सामन्यांत काय तमाशा होत असेल याची कल्पना येईल. एरवी तिघांना झुलवत जाणारा पोरगा समोर मोकळा गोल दिसत असताना चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धाडणार, बघे हसणार, आणि तो मान खाली घालून परत फिरणार. मग पुढच्या सामन्याआधी कुणी न सांगताच घरामागच्या भिंतीवर कच्च्या पायाने चेंडू आपटत बसणार. स्पर्धेचा मतलब तेवढाच.

दुसरा प्रकार याहून जाचक. त्यात ड्रिबलिंगलाच बंदी. आपल्याकडच्या फुटबॉलपटूचा जीव तेव्हा ड्रिबलिंगमध्ये अडकलेला असे आणि प्रेक्षकांचाही. एकट्याने चेंडू घेऊन चौघांना चकवलं की टाळ्या, मग पाचव्याने चेंडू काढून घेतला तरी कुणाला त्याचं काही नाही. बंदीच्या खेळात चेंडू पायाशी आला की तो ठेवून घ्यायचा नाही, लगेच पुढे द्यायचा. म्हणजे कुणाला द्यायचा हे चेंडू येण्याआधीच बघून ठेवायला हवं. म्हणजे मान वर हवी. ‘मान वर करून खेळ’ असं हजारदा ओरडून जे साधत नाही, ते नियमातला एक बदल करून टाकतो.

या स्पर्धा चालवणारे गृहस्थ पेशाने शाळामास्तर होते. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे लोक आणि त्यांचे सगळे खेळाडू त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत. १९५१ आणि १९६२ अशी दोनदा भारताने आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्णपदक जिंकलं, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. तिन्ही वेळा संघाची सूत्रं त्यांच्याकडे होती. या कामगिरीबद्दल पुष्कळ लिहून झालंय, आता तर त्यावर सिनेमाही आला. मला त्यांच्यातल्या प्रशिक्षकापेक्षा मास्तर जास्त खुणावतो. किंबहुना माझं म्हणणं असं, की ते शेवटपर्यंत मास्तरच राहिले आणि भारताच्या फुटबॉलला त्याचाच फायदा झाला.

१७ ऑगस्ट १९०९चा त्यांचा जन्म. उस्मानिया विद्यापीठातून पदवी. तिथल्या संघातून आणि शहरातल्या क्लबांकडून ते खेळले, मग काचीगुड्याच्या शाळेत आणि पुढे चादरघाट हायस्कूलसारख्या शाळांमध्ये शिकवू लागले. मधे वर्षभराची रजा काढून त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेतल्या खेळांचं काम हाती घेतलं. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद आलं, हैदराबाद सिटी पोलिसच्या संघाचं प्रशिक्षण आलं.

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना या हैदराबादची ओळख करून द्यायला नको. १९५६पर्यंत ती आमचीच राजधानी होती. औरंगाबादेत विद्यापीठ झालं ते १९५८ साली. तोवर परभणी-नांदेड-बीडच्या पोरांना पुढे शिकायचं तर उस्मानियाचा रस्ता होता आणि निजामाच्या काळात तो उर्दूतून जायचा. सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी घरं भरपूर. रहीमसाहेबांच्या वर्गात एखादा देशपांडे किंवा एखादा जाधव बसला नसेल असं मला वाटत नाही. आमच्याकडे मात्र हैदराबादच्या आठवणी निघाल्या की मुक्तिसंग्राम निघतो, रझाकार निघतात, इराण्याचा चहाही निघतो. फुटबॉल कधी निघत नाही.

मुंबईकडे त्यांची आठवण निदान आकड्यांच्या रूपाने तरी असायला हवी. रोव्हर्स चषक ही १८९१पासूनची मुंबईची स्पर्धा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी. ती मोडून बिगरलष्करी भारतीय संघाने पहिल्यांदा चषक नेला तो १९३७ साली, बंगळूर मुस्लिम्सने. १९५०मध्ये कूपरेजवर हैदराबाद सिटी पोलिसने तो जिंकला. १९५१ला पुन्हा. मग ५२, ५३, ५४. सलग पाच वर्षं एकच संघ मुंबईत येतो आणि चषक उचलून रेल्वेने घरी जातो! कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखोंची गर्दी होती, दर मोसमाला नवे खेळाडू आणण्याची ताकद होती. इथे पोलिसात नोकरीला लागलेली हैदराबादची पोरं आणि त्यांना शिकवणारा एक मास्तर. रोव्हर्स चषक आता भरत नाही. या शतकाच्या तोंडावर तो बंद पडला. कूपरेजवरून आज जाताना आत कृत्रिम गवताची हिरवी चादर दिसते आणि बाहेर मुलांना सरावाला सोडून मोबाइल बघत बसलेले आईबाप.

रहीमसाहेबांच्या कारकिर्दीतला सगळ्यात वाईट दिवस म्हणजे १५ जुलै १९५२. वर्षभरापूर्वीच दिल्लीत, पंडित नेहरूंच्या साक्षीने, इराणला १-० हरवून भारताने पहिल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलेलं. हेलसिंकीला ऑलिंपिकच्या पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं. तिथली थंडी बोचरी, आपले बरेचसे खेळाडू अनवाणी, आणि घरी ९० मिनिटं खेळायची सवय कुणालाच नाही, कारण देशातले सामनेच त्याहून लहान असत. हल्ली या पराभवाची गोष्ट ‘बिचारे बुटांशिवाय खेळले’ अशी सांगतात. ते अर्धवट आहे. अनवाणी खेळणं ही तेव्हा गरिबी होती तशीच ऐटही होती. बोटांनी चेंडूवर मिळणारा ताबा बुटात मिळत नाही असं चांगले चांगले खेळाडू मानत. परत आल्यावर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. पण बूट घातले म्हणजे फुटबॉल आलं असं नव्हे, आणि हे रहीमसाहेबांइतकं कुणाला कळलं नसावं. दमसास, चेंडू सोडण्याचा वेग, जागा धरून खेळणं यांवरचं त्यांचं काम पुढच्या चार वर्षांत दिसलं.

मधे जगात एक गोष्ट घडली होती. नोव्हेंबर १९५३मध्ये हंगेरीने वेम्ब्लीवर इंग्लंडला ६-३ असं हरवलं. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कुठल्याही संघाने इंग्लंडला घरच्या मैदानावर त्याआधी हरवलं नव्हतं. हंगेरीची चाल अशी की आघाडीचा मधला खेळाडू, हिदेगकुटी, पुढे उभाच राहीना. तो मागे सरकून मैदानाच्या मध्यावर खेळे. आता त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूने काय करायचं? त्याच्या मागे गेलं तर पाठीमागे भगदाड, नाही गेलं तर तो मोकळा. या एका सरकण्याने समोरच्यांची सगळी मांडणी खिळखिळी होते. हैदराबादेत बसून रहीमसाहेबांनी ही विद्या आत्मसात केली आणि भारताच्या संघात आणली. टीव्ही नाही, चित्रफिती नाहीत, परदेशातलं प्रशिक्षण नाही. ब्राझीलने १९५८चा विश्वचषक जिंकल्यावर चार-दोन-चारच्या रचनेचा जगभर बोलबाला झाला. रहीमसाहेब त्याच काळात त्या वाटेनेही चालले होते. तोवर आपल्याकडे अनेकांच्या डोक्यात जुनी दोन बचावपटूंची मांडणीच होती.

१ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य संपलं. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं, कानडी जिल्हे म्हैसूरला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, या विसर्जित राज्याचा एक मास्तर मेलबर्नच्या मैदानाच्या कडेला उभा होता आणि समोर यजमान ऑस्ट्रेलिया. खरं तर पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशीच पडायची; पण सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते, हंगेरीने फुटबॉलमधून माघार घेतली आणि भारताला चाल मिळाली. नशिबाचा हा भाग मान्य करायलाच हवा. ऑस्ट्रेलियाशी मात्र नशिबाचा संबंध नव्हता. ४-२. त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. गोव्याच्या घरातला हा मुंबईकर ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू ठरला, आणि ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत जाणारा भारत हा पहिला आशियाई संघ. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल पुन्हा नेव्हिलचाच. मग मात्र युगोस्लाव्हियाने चार चढवले. तरीही चार वर्षांपूर्वीच्या १०-१वरून हा संघ ४-१वर आला होता. कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने ३-० असा घेतला. त्या पथकात मुंबईचा आणखी एकजण होता, गोलरक्षक एस. एस. नारायण, केरळात जन्मलेला, माटुंग्यात खेळून तयार झालेला.

आणि त्याच संघात विशीतला एक मुलगा होता, तुळसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा, घरची परिस्थिती अगदी बेताची. पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांवर मोच्याकडून काम करून घेऊन त्याने फुटबॉलचे बूट मिळवले होते. रहीमसाहेबांनी त्याला कुठल्याशा सामन्यात हेरलं आणि हैदराबादला सरावाला ये म्हणाले. पोरगा म्हणाला, यायला पैसे नाहीत. तर साहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले. भाषण नाही, अर्ज नाही. अडचण सायकलीची होती, सायकल मिळाली. पुढे रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू अशा दोन्ही संघांविरुद्ध गोल करणारा बलराम तो हाच.

आज शाळाशाळांतून समुपदेशक असावा म्हणून परिपत्रकं निघतात. निघायलाच हवीत. रहीमसाहेबांच्या काळात हे पद नव्हतं. काम मात्र होतं आणि ते बहुतेक ठिकाणी पीटीच्या सरांकडे येऊन पडे. वर्गात पोरगा बसलेला असतो, मैदानावर तो दिसतो. कोण उपाशी आलाय, कुणाला घरी मार बसतो, कोण बूट नाहीत म्हणून पोटात दुखतंय असं सांगतो, हे शिट्टीवाल्याला आधी कळतं. आमच्या शाळेत पीटीच्या सरांच्या लोखंडी कपाटात कॅनव्हासचे चार-पाच जोड कायम असत. ‘उसने घे, संध्याकाळी आणून ठेव’ म्हणायचे. संध्याकाळी कुणी परत मागितल्याचं आठवत नाही.

रहीमसाहेबांच्या हाताखाली येणारे खेळाडू तर मुलं नव्हते. पंजाबी, बंगाली, तमिळ, मल्याळी, गोंयकार, दखनी. कलकत्त्यात देव्हाऱ्यात बसवलेले तारे आणि बराकीतून आलेले शिपाई. एकमेकांची भाषा धड येत नाही. अशा घोळक्याला ते बोलून बांधत. त्यांचं उर्दू वक्तृत्व ऐकलेले खेळाडू म्हातारपणी त्याबद्दल बोलताना हळवे होत. तरी मला वाटतं, नुसत्या बोलण्यावर कुणी बारा वर्षं राष्ट्रीय संघ चालवू शकत नाही. गणितात कच्च्या मुलाला जसं रोज थोडं थोडं पाढ्यांवर आणावं लागतं तसं ते प्रत्येकाच्या कच्च्या बाजूवर काम घेत, आणि त्याला त्याच्या कच्चेपणाची लाज वाटणार नाही अशा बेताने घेत. सगळ्यांनाच कच्च्या पायाने खेळवलं की कोण कुणाला हसणार?

रोम, १९६०. गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीशी १-२ अशी झुंज, फ्रान्सशी १-१ बरोबरी. फ्रान्सने बरोबरीचा गोल शेवटच्या दहा मिनिटांत केला, नाहीतर तो सामना आपला होता. या संघात रहीमसाहेबांचा स्वतःचा मुलगाही निवडला गेला होता, सय्यद शाहिद हकीम. मधल्या फळीचा खेळाडू. तीन सामने झाले. हकीम एकाही सामन्यात खेळले नाहीत. संघ निवडणारा बाप, बसून राहणारा मुलगा. ऑलिंपिक चार वर्षांनी येतं आणि पुढच्या खेपेला भारत पात्रच ठरला नाही. आपल्याकडे पोराला आत घुसवणाऱ्या बापांच्या कथा ढिगाने आहेत. ही उलटी कथा हकीम यांनी आयुष्यभर वागवली. ते हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले, मुंबईच्या महिंद्र संघालाही त्यांनी शिकवलं. वडिलांच्या शिष्यांत आपलं नाव कुठे बसतं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे.

रोमनंतरच्या दोन वर्षांत फुप्फुसाचा कर्करोग रहीमसाहेबांना पोखरू लागला होता. सिगारेट त्यांच्या हातात कायमची. त्याच अवस्थेत ते १९६२च्या ऑगस्टमध्ये संघ घेऊन जकार्ताला गेले.

जकार्ताची आशियाई स्पर्धा वादातच सुरू झाली. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश दिला नाही. आशियाई स्पर्धांच्या उभारणीतले बुजुर्ग गुरुदत्त सोंधी यांनी त्याला उघड विरोध केला, मग हिला आशियाई स्पर्धा म्हणू नका असं त्यांचं म्हणणं. सोंधी भारतीय, त्यामुळे राग सगळ्या भारतावर निघाला. वकिलातीवर जमाव चालून गेला. आपल्या खेळाडूंना बसमधून जाता-येताना ओळख लपवावी लागे.

मैदानावरही सुरुवात पडती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२. मग थायलंडला ४-१ हरवलं, पण त्या सामन्यात बचावाचा कणा असलेल्या जरनैल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानवर २-०. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामशी ३-२. गोलरक्षक पीटर थंगराज फ्लूने अंथरुणात होता, त्याच्या जागी प्रद्युत बर्मन उभा राहिला होता आणि चांगला खेळत होता.

अंतिम सामना ४ सप्टेंबरला, पुन्हा दक्षिण कोरियाशी. आदल्या रात्री खेळाडूंना झोप नव्हती. रहीमसाहेबांनी त्यांना जमवून सांगितलं की उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे. काय, ते सांगायची गरज नव्हती. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, बलराम या तिघांनीही म्हातारपणापर्यंत ही आठवण सांगितली. साहेब किती आजारी आहेत हे डोळ्यांना दिसतच होतं.

भेट मागणं हा झाला भावनेचा भाग. त्या दिवशीचे निर्णय मात्र थंड डोक्याचे होते. कोरियन उंच चेंडूंवर खेळतात म्हणून चांगलं खेळणाऱ्या बर्मनला बसवून नुकताच तापातून उठलेला पण उंचापुरा थंगराज गोलात. टाके घातलेल्या जरनैलला बचावात ठेवलं तर प्रत्येक उंच चेंडूला डोकं लावावं लागणार. म्हणून उपांत्य सामन्याप्रमाणेच त्याला आघाडीला पाठवलं. देशातला सगळ्यात दणकट बचावपटू गोल करायला पुढे! मधल्या फळीत प्रशांत सिन्हाच्या जोडीला गोव्याच्या कोलवाळचा, टाटाकडून मुंबईत खेळणारा फोर्तुनातो फ्रँको.

लाखभर लोकांचं स्टेडियम भारताविरुद्ध ओरडत होतं. राष्ट्रगीत त्या गदारोळात ऐकूसुद्धा येईना. आपल्या बाजूने ओरडणारे म्हणजे गॅलरीतले पाकिस्तानचे हॉकीपटू, ज्यांनी त्याच स्पर्धेत भारताला हरवून सुवर्ण घेतलं होतं. १७व्या मिनिटाला पीकेचा गोल. २०व्या मिनिटाला जरनैलचा. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. २-१.

नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ला, रहीमसाहेब गेले. वय ५३.

त्यांच्यावरचा ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट २०२४मध्ये आला, अजय देवगण रहीमसाहेबांच्या भूमिकेत. त्याचा सेट मढला उभारलेला, २०२१च्या तौक्ते वादळाने तो पाडला, पुन्हा बांधावा लागला. चित्रपटात अंतिम सामना झकास घेतलाय. मात्र शाळा त्यात जवळपास नाहीच. सिनेमाला सामना लागतो, मान्य. पण कच्च्या पायाच्या एका स्पर्धेचा पाच मिनिटांचा प्रसंग घातला असता तर जकार्ता कुठून आलं ते प्रेक्षकाला कळलं असतं.

रहीमसाहेब गेल्यावर काय झालं याची उत्तरं वेगवेगळी देतात. युरोप पुढे गेला, जपान-कोरियाने पैसे ओतले, क्रिकेटने सगळं खाल्लं, महासंघ झोपला. सगळी थोडीथोडी खरी. मला त्यात एक भर घालावीशी वाटते. रहीमसाहेबांची पद्धत कुठे लिहून ठेवली गेली नाही, शाळाखात्याने ती उचलली नाही. ती फक्त त्यांच्या खेळाडूंच्या अंगात राहिली. पीके मोठे प्रशिक्षक झाले. त्यांच्या बोलण्याने खेळाडू पेटत ही ख्याती आणि ते बोलणं कुठून आलं हे उघड आहे. अरुण घोष प्रशिक्षक झाले, हकीम झाले. सरकारने द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला १९८५ साली. फुटबॉलसाठी तो पहिल्यांदा मिळाला १९९०मध्ये, हैदराबादच्याच सय्यद नईमुद्दीन यांना. १९७०च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताचे कर्णधार हे नईमुद्दीनच होते, प्रशिक्षकांत पीके. जपानला १-० हरवून त्या संघाने कांस्यपदक आणलं. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आशियाई स्पर्धेतलं त्यानंतरचं पदक भारताला अजून मिळालेलं नाही.